साहेबांच्या घरी गेलेला जिताडा

चौकशी जबाब, दि. ११/११/२०२५

नाव : नामदेव पांडुरंग मढवी, वय ६४ वर्षे, धंदा : खाडीत मासेमारी (पूर्वी घरची शेती), राहणार : मौजे सोनटेंभी, नावडे फाट्याच्या पुढे, ता. पनवेल, जि. रायगड. घरात मोबाईल एकच आहे, तो पत्नीकडे असतो.

मी वर नमूद केलेला इसम ठाण्यात बोलावल्यावरून आलो असून, विचारलेल्या गोष्टींबाबत माझ्या तोंडाने सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी पुतळा हिच्यासह राहतो. पत्नी नावडे कॉलनीच्या बाजारात मासे विकते. माझ्यावर यापूर्वी कोणताही गुन्हा नाही. अर्ज पुष्कळ आहेत, पण ते मीच केलेले आहेत.

दि. ६/११/२०२५ रोजी सकाळी मी आमच्या भागाच्या सांडपाणी तपासणी कार्यालयात एक ताजा जिताडा मासा नेऊन दिला. तो त्याच दिवशी क्षेत्र अधिकारी श्री. कुलदीप निकम यांच्या घरी शिजला. रात्रीतून त्यांना, त्यांची पत्नी सौ. राजेश्वरी यांना व आई राहीबाई, वय ७१, यांना उलट्या सुरू झाल्या. राहीबाईंना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. दवाखान्याने ठाण्यास कळविले. सौ. राजेश्वरी यांनी माझे नाव सांगितले. मी माशात काही कालवले काय, असे मला विचारले आहे. मी काही कालवलेले नाही. जे कालवायचे ते मासा माझ्या हाती येण्याआधीच कालवून झालेले होते.

जबाब लिहून घेणारे हवालदार श्री. शहाजी पवार हे सांगलीकडचे असल्याने त्यांना जिताडा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले. तो आमच्या खाडीतला मोठा मासा आहे. काटा कमी, चव चांगली. आमच्याकडे जावयाच्या घरी जिताडा पाठवतात आणि ज्या साहेबाकडे काम अडले आहे त्याच्याकडेही पाठवतात. तलाठ्याच्या घरी जिताडा गेला म्हणजे सातबारा निघालाच, असे लोक धरून चालतात. मी जन्मापासून याच गावात आहे, तेव्हा मला हे माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. त्या दिवशी माझ्या ते ध्यानात आले नाही, इतकेच.

आमची भातखाचरे औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा मी शाळेत होतो. कारखान्यांचे पाणी तेव्हा नाल्यातून सरळ खाडीत यायचे. एक दिवस लाल, एक दिवस निळे. मेलेले मासे गोळा करून पुरायचे काम आम्हा पोरांकडे असे. पुढे मोर्चे झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि सर्व कारखान्यांचे पाणी एकत्र साफ करणारे केंद्र बांधले. त्याच्या उद्घाटनाला गावाने बेंजो लावला होता. मीही नाचलो. काही वर्षांनी ते केंद्र कमी पडते असे कळले, म्हणून ते वाढवले. मग नाल्यात नको म्हणून पाइप टाकून पाणी खाडीच्या मध्यापर्यंत नेले. मग नियम आला की पाणी फक्त ओहोटीला सोडायचे, म्हणजे ते समुद्रात निघून जाईल. आता केंद्राच्या गेटवर, सोडलेल्या पाण्यात काय किती आहे ते दाखवणारा, लाल आकड्यांचा फलक आहे. ते आकडे मला वाचता येतात, पण त्यांचे काय करायचे ते कळत नाही. प्रत्येक नवा नियम आला तेव्हा मला वाटले की आता झाले. हल्ली वाटत नाही.

मासे मेले की मी अर्ज करतो. अर्ज केला की कार्यालयाची माणसे बाटली घेऊन येतात. ती होडीतून जातात आणि आमच्या बाजूला होडी भरती भरल्यावरच लागते. ओहोटीला नुसता चिखल असतो. म्हणजे पाणी सोडतात ओहोटीला आणि बाटली भरतात भरतीला. बाटलीत समुद्राचे पाणी येते आणि अहवालात "मर्यादेत" असे येते. यात कोणी लबाडी करतो असे माझे म्हणणे नाही. माणसे होडीशिवाय जाणार कशी? मी हे दोन अर्जांत लिहून दिले होते. त्या दोन्ही अर्जांवरही नमुना घेण्यात आला व तो मर्यादेत निघाला.

दि. ६ रोजी पहाटेची ओहोटी होती. खारबंदिस्तीच्या उघाडीपाशी, म्हणजे बांधाला पाणी आत-बाहेर करायला जे दार असते तिथे, डबक्यात जिताडा अडकलेला मिळाला. सहा किलोच्या वर असेल. असा जिताडा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो जिवंत होता, पण उलटा होऊन पोहत होता. घरी आणला तेव्हाही त्याचे कल्ले हलत होते. मला आनंद झाला होता हे खरे आहे. पत्नीने कल्ला उघडून नाकाशी धरला आणि मासा खाली ठेवला. ती म्हणाली, "याला रॉकेलचा वास हाय. ह्यो माज्या टोपलीन येवाचा नाय." खाडीची मासळी बाजारात नेण्याआधी ती एकेक नग हुंगते, मगच टोपलीत भरते. गावातल्या बाकीच्या बायकाही तिच्याकडून हुंगून घेतात.

तेव्हा माझ्या डोक्यात आले की इतकी वर्षे पाणी नेले, आता मासाच नेऊ. बाटलीला वास येत नाही, याला येतो. साहेबांनी नाकाशी धरला की काम झाले. मासा उघडा नेला तर रिक्षावाला बसू देत नाही, म्हणून केळीच्या पानात गुंडाळून वर सुतळी बांधली. मासा असा बांधून नेल्यावर तो कसा दिसतो, हे मला कार्यालयात पोहोचेपर्यंत सुचले नाही. पोहोचल्यावरही सुचले नाही.

साहेब मीटिंगमध्ये होते. शिपाई दिनानाथ भेटले. त्यांनी पान थोडे उघडून पाहिले व म्हणाले, "काका, दिवाळी होऊन गेली तरी आठवण ठेवलीत की!" मी म्हणालो, "सायबांना सांगा, आदी नाकाशी धरा, मंग आमच्या अर्जाचा बगा." ते हसून म्हणाले, "अर्जाचं होणार, टेन्शन नका घेऊ." आणि मासा फ्रीजमध्ये ठेवला. नाकाशी धरायचा निरोप त्यांनी दिला की नाही, मला माहीत नाही. दिला असेल तर साहेबांना ती गंमत वाटली असेल. फ्रीजमध्ये गार झाला, वर मसाला पडला, वास कुठून राहणार? मला जाळे काढायचे होते म्हणून मी थांबलो नाही. थांबायला पाहिजे होते.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ यांचा पत्नीच्या मोबाईलवर फोन आला. मी लगेच दवाखान्यात गेलो. सौ. राजेश्वरी माझ्याशी बोलल्या नाहीत, ते बरोबरच आहे. राहीबाईंना काल वॉर्डात आणले, तेव्हा मला भेटू दिले. त्या साताऱ्याकडच्या आहेत. हाताला सलाईन होते. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "तुमीच दिलावता व्हय मासा? लई ग्वाड व्हता बगा. आमच्याकडं असला मिळत न्हाई." आणि त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी आयुष्यात पुष्कळ साहेबांसमोर उभा राहिलो आहे, पण त्या म्हातारीसमोर मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठेच वाटली नाही.

बाहेर साहेब भेटले. तेही अशक्त दिसत होते. म्हणाले, "काका, मासा शिळा होता असं सांगून टाका. शिळ्या माशाने असं होतं. विषय मिटेल. तुमच्यावर काही येणार नाही, माझ्यावरही नाही." खाडीचे पाणी मर्यादेत असल्याच्या गेल्या महिन्याच्या अहवालावर त्यांचीच सही आहे. शिवाय मासा घेतला कशाला, असेही त्यांना विचारतील. ते पुढे म्हणाले, "आणि खाडीचा मासा विषारी निघाला असं पेपरात आलं, तर उद्यापासून तुमच्या गावच्या बायकांकडून कोण घेणार?" हे त्यांनी धमकी म्हणून सांगितले नाही. ते खरे आहे म्हणून सांगितले. आमच्या गावात बावीस टोपल्या आहेत, त्यातली एक माझ्या घरची.

आज ठाण्यात आल्यावर मी हवालदारांना म्हणालो की मासा शिळा होता असे लिहा. मला कोणी दम दिला नव्हता. मी दमलो आहे. इतकी वर्षे अर्ज करून जे झाले नाही ते आता एका माशाने होईल, असे मला वाटत नाही, आणि व्हायचेच तर ते त्या म्हातारीच्या पोटातून व्हावे हे मला नको होते. हवालदारांनी तसे लिहून पहिले पान छापले.

मी पाणी प्यायला बाहेर आलो. पत्नी बाकावर टोपली घेऊन बसली होती. बाजार सोडून आली होती. काय लिहिले ते मी तिला सांगितले. तिने विचारले, "कोनी सांगितला शिला व्हता म्हनून?"

मी म्हणालो, "मीच. सगल्यांचा सुटतंय त्याच्यानी. तुमचा धंदा ऱ्हाल."

ती म्हणाली, "मी बाजारान बसाया लागल्यापासून शिला म्हावरा कंदी इकला नाय. आपल्या घरानशी शिला म्हावरा गेला, असा सरकारी कागदाव ऱ्हावाचा नाय."

"आनि लोकांनी घेवाचा बंद केला तं?"

"मंग आमी बाया बगू काय कराचा ता. तू जा, कागदावचा 'शिला' खोराया सांग."

ती रडत होती, पण आवाज चढलेला होता, त्यामुळे आत ऐकू गेले. हवालदारांनी मला पुन्हा बसवले आणि विचारले, "नक्की ना काका? नंतर बदलता येणार नाही." मी नक्की म्हणालो.

तरी मी सांगतो की, तो जिताडा मी सोनटेंभीच्या उघाडीपाशी ओहोटीच्या पाण्यात पकडला. माझ्या घरी आला तेव्हा तो जिवंत होता. मी तो भेट म्हणून दिला नाही, कोणाला इजा करावी म्हणूनही दिला नाही, नमुना म्हणून दिला. श्री. निकम यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी तो खाल्ला, म्हणजे त्यांचा स्वतःच्या अहवालावर विश्वास होता असे मी समजतो. राहीबाईंची माफी मी पुन्हा जाऊन मागणार आहे.

हवालदार पवार यांनी हा कागद सुरुवातीपासून मोठ्याने वाचला. मी आतून ऐकला, पत्नीने व्हरांड्यातून. पहिल्या पानावर जिताड्याच्या आधी "शिळा" छापले होते, ते माझ्या सांगण्यावरून पेनाने खोडून वर "ताजा" लिहिले आहे व खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. त्याखालचा अंगठा माझा नाही, पत्नीचा आहे. तिचा जबाब नसल्याने तो लागत नाही, असे हवालदारांनी तिला सांगून पाहिले.

जबाब देणार
(नामदेव पांडुरंग मढवी)