भोपळ्याबद्दल दिलगीर आहोत

(केशकर्तनालय. मागे पडदा, पडद्यामागे घर. खुर्चीत मास्तर.)

न्हावी : चूक? आणि या हातून? मास्तर, जन्म गेला वस्तरा चालवण्यात, गिऱ्हाइकाचा केस इकडचा तिकडे झाला नाही कधी. आणि तो पेपर! साधे दोन फोटो धड लावता येत नाहीत.

मास्तर : माझी डावी मिशी कुठाय?

न्हावी : ...मान हलवलीत तुम्ही.

मास्तर : मी श्वाससुद्धा घेतला नव्हता!

न्हावी : असू द्या, उजवीपण काढतो, तरुण दिसाल. तर काय सांगत होतो? मला व्यापारी संघाचा पुरस्कार मिळाला. पेपरात माझ्या नावावर फोटो कोणाचा? भोपळ्याचा! आणि मी कुठे? पाककृतीच्या पानावर. खाली लिहिलंय, ‘बिया काढून मंद आचेवर वाफवा.’

मास्तर : अरे, दुसऱ्या दिवशी माफी छापली की त्यांनी.

न्हावी : छापली ना! ‘भोपळ्याबद्दल दिलगीर आहोत.’ म्हणजे भोपळ्याचा अपमान झाला! मग म्हटलं, पेपर बंद. अख्ख्या गल्लीला बंद करायला लावला.

मास्तर : म्हणजे महिनाभर वाचलाच नाहीस? सरकारी दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं?

न्हावी : काय त्यांचं?

मास्तर : औषधच नाही त्यात. नुसती खडूची भुकटी. पेपरवाल्यांनी तपासून घेतल्या, पुरवणाऱ्याचं नाव छापलं. त्या हिरव्या पाकिटातल्या.

न्हावी : हिरव्या... आई! आई गं! तोंडात असेल ती गोळी थुंक!

आई : (पडद्यातून डोकावत) तोंडात वाटाणा आहे. थुंकू?

न्हावी : अगं, तुझ्या त्या गोळ्या खोट्या आहेत!

आई : मला सांगतोस? मीच नेऊन दिल्या पेपरातल्या त्या बातमीदार पोरीला. रोज गोळी घेऊनही भिंती फिरायच्या. एक पाण्यात टाकून पाहिली, तर तळाशी नुसता चुना. डॉक्टर म्हणाला, वय झालं. तू म्हणालास, पंखा लाव. ती पोरगी मात्र ऐकत बसली. घरोघर हिंडली, जिथून गोळ्या येतात त्या गोदामापर्यंत गेली. धमक्या आल्या, तरी छापलं. आता दवाखान्यात खऱ्या गोळ्या आल्यात. काल जिना चढले, कठडा न धरता.

मास्तर : मावशी, मग बातमीतली ती ‘नव्वद वर्षांची आजी’...

आई : बहात्तर! बहात्तर सांगितलं होतं मी! फोन करून चांगली खडसावली तिला. मग पुढच्या बातमीसाठी शेजारणीच्या गोळ्या नेऊन दिल्या.

न्हावी : मला बोलली नाहीस काही.

आई : तू भोपळ्याच्या दुःखात होतास. परवा ती येऊन गेली. आपल्या गल्लीचं बघून गल्ल्याच्या गल्ल्या पेपर बंद करतायत म्हणाली. गोदामाच्या मालकाची बातमी निघायच्या आत पेपरच बंद पडतो की काय, अशी धास्ती आहे तिला. हे आमच्याच दिवट्याचं काम, असं माझ्या तोंडून निघालं नाही बघ.

न्हावी : नंबर कुठाय पेपरचा?

आई : कॅलेंडरवर, गॅसवाल्याच्या नंबराखाली लिहिलाय.

मास्तर : अरे, माझी उजवी बाजू!

न्हावी : थांबा हो. हॅलो? मी सलूनवाला. हो, भोपळ्यातला मीच. माझा पेपर सुरू करा. गल्लीत आज दारोदार जाऊन सगळ्यांचा सुरू करायला लावतो. चुका होतात हो, माझ्यासमोर आत्ता एक बसलीय. पण त्या गोदामवाल्याला सोडू नका. आम्ही आहोत पाठीशी... बरं... बरं. ठेवतो.

मास्तर : काय म्हणाले?

न्हावी : गॅस एजन्सी होती. उद्या सिलिंडर पाठवतायत.