सात मिनिटं आधी

...नाही, तुम्हीच सांगा, पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, आणि माणसाने आठ किलोचा चेंडू डोक्यावर नेऊन दाणकन आपटायचा, तोही चाळीस वेळा? कशाला? तर हँडबॉलमध्ये माझा फटका मंदावलाय म्हणून! अकरा वर्षं पोर्ट सईदला खेळतोय हो मी... आणि आमचे प्रशिक्षक, कॅप्टन रिफात, शिट्टी चघळत म्हणतात, "शुक्री, खांद्यात दम नाही. फुसका बार! गुरुवारी यादी लागेल, तोवर स्फोट दाखव, नाहीतर..." नाहीतर काय? हँडबॉल सोडून मला दुसरं येतं काय?

म्हणून जोर काढत होतो. साधे नव्हेत! अंग हवेत उडवायचं, टाळी वाजवायची, आणि नाक फुटायच्या आत हात टेकायचे. माझं नाक दोनदा आधी टेकलं. कॅप्टन म्हणतात, "फुसका बार!"

बुधवारी दिवस मावळतीला क्लबच्या गच्चीवर मी एकटा. खाली गल्लीभर टेबलं, साठ माणसं खजूर हातात धरून अजानची वाट बघतायत. पूर्वी रोजा सोडायला तोफ उडायची, पण ती दोन वर्षं बिघडलेली, दुरुस्तीवाला आपला 'उद्या नक्की, उद्या नक्की!' तर रागारागात चेंडू उचलला, सगळा जीव लावून हाणला, नेम चुकला, आणि थेट रिकाम्या लोखंडी टाकीवर... धडाम्!

शेजारची म्हातारी हाज्जा रतीबा ओरडली, "तोफ दुरुस्त झाली रे! बिस्मिल्ला!" आणि सगळ्या गल्लीने खजूर गट्टम्! मी वरून बोंबलतोय, "थांबा, सात मिनिटं आहेत अजून!" पण ऐकतंय कोण? मग झाली खरी अजान... घास हातातच राहिले. हाज्जा म्हणते, "मेल्या, साठ जणांचा रोजा बुडवलास! आता ईदनंतर पुन्हा एकेक दिवस उपास! आणि माझी साखर कोण बघणार, तुझा कॅप्टन?"

गुरुवारी यादी लागली. माझं नाव नाही. रडलो हो, खोटं कशाला बोलू? टाकीला टेकून ढसाढसा रडलो. तर हाज्जा पाकातल्या गोड कुनाफ्याची बशी घेऊन धापा टाकत गच्चीवर! "रडू नको रे. आवाज मात्र झकास होता. रोज एकदाच आपट... घड्याळ माझ्याकडे राहील."

आता रोज ती खालून हात वर करते, मी वरून हाणतो. काल क्लबच्या दारात तोंडात खजूर कोंबून कॅप्टन रिफात ओरडले, "शुक्री! अरे, हा बार गुरुवारपर्यंत कुठे होता?"

काय सांगू त्यांना? बत्तिसाव्या वर्षी संघातून निघालो, आणि तोफखान्यात लागलो!