तहानलेला राक्षस

"राघोजी माझे पणजोबा, धर्माजी आजोबा, गणूजी वडील, तिघांनीही गावच्या बोहाड्यात, देव-राक्षसांच्या सोंगांच्या उत्सवात, राक्षसाचं सोंग घेतलं. आणि मी इथे राक्षसाची टर बघायला उभा!"

कल्याणच्या थिएटरबाहेर, परीकथांची खिल्ली उडवणाऱ्या कार्टूनपटाच्या रांगेत, माझ्यापुढचे गृहस्थ सोबत्यास म्हणाले.

"मनाला लावून घेऊ नकोस, गोविंदा."

"का नको? तुझ्या बापाने देवाच्या सोंगात बाबांना मारलं. मेलेल्या राक्षसाला देवाने पाणी पाजून उठवायचं, ही रीत. तो पाठ फिरवून गेला. बाबा पडून राहिले, गाव हसला."

"मरताना बाप तेच बोलत होता."

"काय?"

"राक्षस तहानलेला राहिला."

सोबत्याने फिरकीचा तांब्या उघडला.

"अरे, इथे? रांगेत?"

"ओंजळ धर."

रांग सरकली. मागच्यांना मी हात आडवा करून थांबवले. तांब्या रिकामा होईपर्यंत गोविंदराव पाणी प्यायले.