थेंबाचा खडा

मी मूळची गुलमंडीच्या मागल्या गल्लीतली. वडील खडे घासायचे, म्हणजे कसं, डोंगरातून आलेला ओबडधोबड अकीकाचा दगड घ्यायचा, काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवायचा अन् चाकावर पाणी टाकत टाकत खालून सपाट, वरून घुमटासारखा गोल करायचा, अंगठीत बसंल असा. पोरीच्या जातीला हे कशाला, असं आत्या म्हणायची, वडील म्हणायचे तिचा हात हलका हाय, बसू दे. तवापासून बसलेय, आता साठी आली. चिकलठाण्याला लेकाकडं ऱ्हाते पण चाक सोबत आणलंय. लेक म्हणतो आई, बास कर आता, मी व्हय म्हणते अन् परत चाकावर बसते.

काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांत एकच खडा जिवाला लागला. छावणीतल्या एक बाई आल्या, शाळेत शिकवायच्या, मालक वारून साल झालं होतं. रुमालातून खडा काढला, म्हणल्या आमच्या यांना डोंगरावर सापडला होता, उजेडात धरून हलवा. हलवला तर आत पाण्याचा थेंब इकडून तिकडं जायचा, दगडात कोंडलेलं लई जुनं पाणी. म्हणल्या गळ्यात घालायचाय, थेंब दिसला पाहिजे. मी म्हणलं दिसंल की.

अन् मी काय केलं, सवयीनं लाख तापवली अन् ती नीट धरावी म्हणून खडाबी दिव्यावर धरला. पाण्याच्या खड्याला आच दाखवायची नसती, गारच चिकटवायचा असतो, मला ठाऊक होतं, पण हात आपला चालत गेला. टिच्च झालं. केसाएवढी चीर, अन् थेंब गेला.

कधी कधी ते पाणी आपोआपबी आटतं, तसं सांगितलं असतं तर बाईंनी मानलं असतं. दोन दिवस तेच सांगायचं ठरवून बसले होते, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण त्या समोर येऊन बसल्या अन् तोंडातून खरं तेच निघालं, बाई, माझ्या हातनं गेलं, मी तापवला.

त्यांनी खडा उजेडात धरून हलवून पाहिला. मग म्हणल्या, हे गेले तेव्हा काय चुकलं ते मला कुणी सांगितलं नाही, सगळे म्हणाले व्हायचं होतं ते झालं. तुम्ही निदान सांगितलंत. घासा आता, मी बसते इथं. चीर घासून काढू नका, राहू द्या.

बसल्या की पार खडा चमकेपर्यंत.

त्यांचं भलं होवो. आता कुणी खडा आणला, अगदी बाजारातला असला तरी, काडी हातात घ्यायच्या आधी मी विचारते, ह्यो कुणी दिला तुम्हाला. लोक हसतात पहिलं, अन् मग लई वेळ सांगत बसतात.