'माळ्यावरची'चे तीन भाग आणि एक लाल दिवा

बुक्का लागला, हार गळ्यात पडला — मंडळी, आता जरा सावरून बसा! पूर्वरंगात एक प्रश्न टांगून ठेवला होता, आठवतोय? का हाराच्या गडबडीत विसरलात? पुन्हा विचारते. देवानं एखादी गोष्ट न मागता आपल्या ओंजळीत टाकली. छान. तीच गोष्ट दुसऱ्यांदा आपण ओरबाडून घेतली. तिसऱ्यांदा पिळून घेतली. मग ती गोष्ट तीच राहते का?

नाही म्हणताय? इतक्या पटकन? थांबा, मोजून बघू!

आणि हो — ती खांबाशी हिरव्या फ्रॉकमधली बसलीय ना, ती आमचीच. काकू, तिला बिस्किट नका देऊ, आणि काळजीही नका करू. कीर्तन संपेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही ती. चार वर्षांची आहे, पण शिकवलंय मी तिला!

तर ऐका. आजचं आख्यान पुराणातलं नाही. आजचं आख्यान सिनेमाचं — आणि तेही भुताच्या! बघा, बघा, मागं भिंतीला टेकलेले कसे पुढं सरकले!

कोल्हापुरात हेमांगी पोतनीस नावाची एक बाई राहायची. शिकलेली, हुशार, कामाला वाघ. काम कसलं? सिनेमाला आवाज पुरवायचं. म्हणजे असं की पडद्यावर नायक घोडा फेकत येतो, आपण म्हणतो वा! — आणि इकडे ही बाई मांडी घालून दोन करवंट्या फरशीवर आपटत असते. खलनायकाचा हात मोडतो, कडाड्! — आपण डोळे मिटतो. अहो, हात कुठला? मुळा तो! संध्याकाळी त्याची कोशिंबीर होते!

घरातली मागची खोली तिनं कामाला घेतली होती. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडकी बंद, भरदुपारी आत अंधार. दारावर एक लाल दिवा, आतून-बाहेरून दिसेल असा. दिवा लागला की घरात चिडीचूप! सासूबाई, म्हणजे माई, शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायच्या. दूधवाला कडी न वाजवता नुसता हात हलवत उभा! आणि हेमांगीचा आणखी एक नियम होता. आवाज भरून झाला तरी लगेच हलायचं नाही. पाच सेकंद थांबायचं. नुसती शांतताच भरून घ्यायची, पुढं आवाजाचे तुकडे जोडताना ती लागते. हे पाच सेकंद, मंडळी, पदराला गाठ मारून ठेवा.

तिला काम देणारे दिग्दर्शक होते शिंत्रे. ती त्यांना दादा म्हणायची. दादांनी भुताचा सिनेमा काढला, 'माळ्यावरची'. गोष्ट एवढीशीच. नवं जोडपं भाड्याच्या घरात राहायला येतं आणि माळ्यावर कुणीतरी असतं. कोण? दिसत नाही. माळ्याचा पडदा तेवढा हलतो. कारण भूत दाखवायची ऐपतच नव्हती!

दादा म्हणाले, "हेमांगी, या सिनेमात भूत म्हणजे तूच. तुझ्या आवाजानं माणूस खुर्चीत गारठला पाहिजे."

झालं! हेमांगी लागली कामाला. ओलं फडकं पिळून बघितलं, तांब्यात तोंड घालून कण्हून बघितलं. माई बाहेरून विचारतात, "काय गं, पोटात दुखतंय का? ओवा देऊ?" ... हसू नका, आठ दिवस हेच चाललं होतं!

तेव्हा तिची लेक चिनू सहा महिन्यांची. कामाच्या खोलीतच दुपट्यावर झोपायची. एका दुपारी हेमांगी दूध उतू जाईल म्हणून धावली आणि यंत्र चालूच राहिलं. परत येऊन ऐकते तो काय! चिनू मध्येच जागी झाली होती. अंधारात, एकटी. रडली नव्हती. अंऽऽ... हूंऽऽ... अशी आपल्याशीच बोलत होती. जरा थांबायची. कुणी ओ देतंय का, ऐकायची. पुन्हा हूंऽऽ... आणि तशीच झोपून गेली होती.

हेमांगीनं तो आवाज जरासा संथ केला आणि माळ्याच्या पडद्यामागं ठेवून दिला.

पहिला खेळ! अहो, थिएटरात कागदाची पुडी वाजेना! एक आजोबा चष्मा काढून बसले. का? तर म्हणे, दिसलं नाही तर बरं! आता दिसत तर काहीच नव्हतं! मग भ्यायले कशाला? मंडळी, तो आवाज कुणाला भिववतच नव्हता. तो कुणाची तरी वाट बघत होता. आणि आपली वाट बघत कोण राहिलं, आपण ओ का दिली नाही, हे ज्याचं त्याला आठवलं. म्हणून काटा आला!

म्हणा एकदा — राम कृष्ण हरी!

आता जे इतकं चाललं, त्याचा दुसरा भाग निघायला नको? निघालाच! तुम्हीसुद्धा पहिल्या पुरणपोळीला वा म्हटलंत की यजमानीणबाई पाचवी वाढेपर्यंत सोडत नाहीत, तसंच हे!

दोन वर्षांनी दादा आले. "या खेपेला ती दिसली पाहिजे. हात दिसला पाहिजे, केस दिसले पाहिजेत. आणि ते हूं हूं पुरे झालं, रडली पाहिजे!"

"दादा, रडण्याची भीती वाटत नाही. कीव येते."

"लोक मागतायत हेमांगी, आपण काय करणार?"

कोण लोक? कुणी मागितलं होतं? तुम्ही? तुम्ही? पण हे 'लोक' असे सोयीचे असतात बघा! हेमांगीनं काम घेतलं. तिचंही नाव झालं होतं ना! लोक तिला 'माळ्यावरचीची आई' म्हणायला लागले होते. गोड लागतं हो ते. मलाही मघाशी हार घालताना अध्यक्ष दोन शब्द जास्त बोलले, ते गोडच लागले.

तर चिनूला लस टोचायची होती. हेमांगीनं ओढणीत छोटं यंत्र लपवून नेलं. तशीही रडणारच आहे पोर, भरून घेतलं तर कुणाचं काय जातंय? असं मनाशी म्हणाली. नर्सबाईंनी सुई टोचली. चिनू जिवाच्या आकांतानं रडली आणि दोन्ही हात आईकडे पसरले — "आईऽ!"

हो गं, दिसला तुझा हात खांबाशी, थोडंच राहिलंय. बस तू. — तर मंडळी!

कुठलीही आई काय करेल? "आले गं माझ्या राणी!" म्हणेल की नाही? पण आपण बोललो तर आपला आवाज मध्ये येईल, भरलेलं वाया जाईल! म्हणून हेमांगी बोलली नाही. चिनू हात पसरून रडतेय आणि आई समोर उभी. तोंड मिटून. रडणं ओसरत आलं. आणि मग? ते पाच सेकंद! मोजले हो तिनं! एक... दोन... तीन... नर्सबाई शेवटी म्हणाल्या, "अहो, घ्या की तिला! बघताय काय?"

हेमांगीचे कान लाल झाले. लेकीला उचललं, छातीशी धरलं, पापे घेतले. पण घरी आल्याआल्या चपला काढायच्या आधी काय केलं? भरलेलं ऐकलं. स्वच्छ आलं होतं.

दुसरा भाग लागला. लोक दचकले. पण दचकणं वेगळं आणि काटा येणं वेगळं! दचकतो माणूस फटाक्यालाही. दचकले, हसले, मध्यंतरात वडे खाऊन घरी गेले. रात्री माळ्याकडे कुणी वळून बघितलं नाही.

मग तिसरा भाग! 'माळ्यावरची परत आली'! आली? अहो, गेली होती कधी? या खेपेला भुताच्या डोळ्यांत दिवे, वीतभर रबरी नखं, आणि मध्यंतराआधी भुताचं एक गाणं. नाचासकट! मी म्हणते, नाच बसवणारा भेटला, तर भुताला नाच शिकवताना त्यालाच भीती वाटली नाही का, विचारीन!

दादा म्हणाले, "एक किंकाळी हवी. खरी. नट्यांच्या सगळ्या ऐकल्या, खोट्या वाटतात. लहान पोराची हवी."

चिनू तेव्हा साडेचार वर्षांची. हेमांगी म्हणाली, "बघते."

'बघते'! मंडळी, आपल्या सगळ्या पापांची पहिली पायरी ही. 'नाही' म्हणवत नाही आणि 'हो' म्हणायची लाज वाटते, तेव्हा आपण 'बघते' म्हणतो.

एका दुपारी माई देवळात गेल्या होत्या. हेमांगीनं चिनूची बाहुली मागच्या खोलीत ठेवली. तिथल्याच माळ्यावर कर्णा ठेवला आणि त्यावर आवाज कुठला लावला? तोच! पहिल्या भागातला! चिनूचाच सहा महिन्यांचा हुंकार. सगळा महाराष्ट्र ज्याला भ्याला, त्याला पोर भिणार नाही? मग गोधडीमागं उभी राहिली. सवयीनं हात गेला, बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"चिनू, आतली बाहुली घेऊन ये गं!"

चिनू आत आली. दार मागं लोटलं गेलं. अंधार, आणि वर तो लाल ठिपका. माळ्यावरून आवाज आला — अंऽऽ... हूंऽऽ...

हेमांगीनं श्वास रोखला. आता ओरडेल. आता.

चिनूनं बाहुली पोटाशी धरली. माळ्याकडे बघितलं. मग लाल दिव्याकडे बघितलं. ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू, माळ्याकडे बघून म्हणाली —

"शूऽऽ. आईला हाक नको मारू. लाल दिवा आहे. दिवा गेला ना, की मग घेते ती."

...

मंडळी, पुढचं सांगताना जीभ अडखळते, पण कीर्तनात लपवाछपवी नाही. हे ऐकून त्या आईच्या मनात पहिला विचार काय आला असेल? धरणी दुभंगावी? नाही हो. पहिला विचार आला, 'सुरेख भरलं गेलंय.' आणि सवयीनं ती मोजायला लागली. एक... दोन... तिसऱ्याला तिचं तिला कळलं, आपण मोजतोय. लेक अंधारात उभी आहे, पाय आखडून, दिव्याकडे डोळे लावून. आणि आपण मोजतोय!

गोधडी ओढून ती बाहेर आली. चिनू दचकली नाही. पळत येऊन बिलगलीही नाही. तिनं आईलाच बोटानं दाखवलं, अजून दिवा चालू आहे.

हेमांगीनं दिवा बंद केला. मग आली ती.

संध्याकाळी दादांचा फोन. "मिळाली का किंकाळी?"

"नाही मिळाली."

"मग काय मिळालं? तुझा आवाज असा का येतोय?"

तिला खोटं बोलता आलं नाही. तिनं सगळं सांगितलं. मग दादा म्हणतात, "हेमांगी... अगं, हे किंकाळीपेक्षा मोठं आहे! नाच काढून टाकतो, दिवे काढून टाकतो. एवढं एक वाक्य ठेवू. पहिल्या भागाच्या वर जाईल हा! पाठव."

आणि खरं होतं ते! दादा माणूस खोटा नव्हता. त्या एका वाक्यानं सिनेमा उभा राहिला असता. तिचं नाव वर गेलं असतं. बोट बटणावर होतं, मंडळी.

"पुसलंय मी ते, दादा," ती म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर पुसलं.

तिसरा भाग लागला. किंकाळी कुठूनतरी जुनी आणून चिकटवली होती. ती आल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. भूत नाचायला लागलं तसं थिएटर हसून लोळलं. खेळ सुटल्यावर दादा पायरीवर बसले होते. म्हणाले, "पहिल्या वेळी आपण असं काय केलं होतं गं?"

हेमांगी म्हणाली, "काहीच केलं नव्हतं, दादा. ती बोलत होती, आपण ऐकलं."

संपलं आख्यान? सिनेमाचं संपलं. हेमांगीनं खोलीतला तो दिवा काढून टाकला, गोधड्या धुऊन पांघरायला घेतल्या. पण चिनू? चिनू आजही कुठल्या खोलीत शिरली, आई दिसली, काही सांगायचं असलं, तर आधी मान वर करते. दारावर बघते. काही नाही ना, याची खात्री करते, आणि मग हाक मारते. तो दिवा काढला भिंतीवरून. तिथून कसा काढायचा?

आता तुमच्याकडे वळते. खाली नका बघू! पोर पहिल्यांदा चाललं, आणि आपण म्हटलं, "थांब थांब, मोबाईल लावू दे, परत चाल!" पडलं, रडलं, गोड दिसलं, म्हणून आधी काढला तो फोन आणि मग उचललं ते पोर. 'परत कर.' 'आत्यासमोर परत म्हण.' घरोघर दुसरे आणि तिसरे भाग निघतायत, मंडळी! काका, तुम्ही मघापासून माझंही कीर्तन भरून घेताय. घ्या, पण शेजारी तुमचा नातू किती वेळ तुमची बाही ओढतोय, ते बघा एकदा.

आणि मी...

मी मघाशी ऐटीत काय सांगितलं तुम्हाला? शिकवलंय मी तिला, म्हटलं. त्या खांबाशी ती केव्हापासून हात वर करून बसलीय. चिनूच्या सुईचं सांगत होते ना, तेव्हाच पाहिलं होतं मी. प्रसंग रंगलाय, म्हटलं, एवढा होऊ दे. तोंडानं हेमांगीची लाज सांगत होते आणि डोळ्यांनी लेकीला गप्प बसवत होते.

जोगळेकर काका, पेटी थांबवा. आरती जरा उशिरा झाली तर राम रागावत नाही.

काय गं? शू लागलीय? मग सांगायचं ना... नाही. कशी सांगशील. ये. ये इकडे. आणि असं नुसतं बघू नकोस माझ्याकडे. हाक मार. सगळ्यांना ऐकू जाईल अशी मार.