इब्राहिमभाईंच्या मोटारीतला रेडिओ

आमचे घराणे मूळचे दासगावचे, सावित्रीच्या काठचे. वडील याज्ञिक, आजोबा याज्ञिक, त्यामागच्यांचे काय ते दुसरे असणार? मुंज झाल्याबरोबर वडिलांनी मला घाटावरच्या पाठशाळेत धाडले, तिथे आधी व्याकरण झाले, मग न्यायशास्त्र, आणि माझी बुद्धी रमली ती न्यायात. परत आलो, महाडात बिऱ्हाड केले आणि गावोगावची यजमानकृत्ये करू लागलो. आता तुम्ही विचारता की भटजीच्या हातात पेचकस आला कसा, तर काय सांगू तुम्हाला, तो सत्यनारायणाच्या पाटावरून उठून आला. एका यजमानांकडे पूजा सांगायला गेलो होतो, त्यांची रेडिओची पेटी कित्येक दिवस मुकी होती, आणि मी कथा आटोपून, प्रसाद घेऊन घरी जायचे ते त्या पेटीसमोरच बसून राहिलो. यजमान म्हणाले, भटजी, त्यात पोथी नाही हो. मी म्हटले, असेल, उघडून पाहू. उघडली, एक निसटलेली तार दिसली, ती जोडली आणि पेटी बोलली. पुढे मुंबईस जाऊन एका कारागिराजवळ राहिलो, कथलाचा डाग द्यायला शिकलो, आणि चवदार तळ्याच्या रस्त्याला छोटेसे दुकान मांडले. सकाळी संध्या, पूजा, मग दुकान.

वडिलांना ते रुचले नाही. म्हणाले, मंत्र म्हणणारे तोंड आणि डाग देणारे हात एकाच देहाला शोभत नाहीत रे वामना. मी हात जोडून म्हटले, बाबा, शब्द हा आकाशाचा गुण हे तुमच्याच मांडीवर बसून शिकलो, मी त्याच आकाशातला शब्द लोकांच्या ओसरीवर आणतो.  ते रागावले नाहीत, एवढीच त्यांची संमती मी मानली.

तर ते राहो. इब्राहिमभाई म्हणजे आमच्या महाडातले टॅक्सीवाले, महाड-पोलादपूर त्यांची मोटार चालायची, जुनी विलायती गाडी, पण त्यांनी ती नवरीसारखी ठेवलेली. त्यांचा आतेभाऊ जहाजावर नोकरीला, त्याने परदेशातून मोटारीत बसवायचा रेडिओ आणला. त्या काळी आमच्याकडे मोटारीच मोजक्या, त्यांत गाणारी एकही नव्हती. इब्राहिमभाई पेटी कापडात गुंडाळून दुकानात आले आणि म्हणाले, वामनभटजी, ही मोटारीत बसवून द्या, मी शब्द देऊन बसलोय.

शब्द कोणाला, तर धोंडूबुवांना. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, सगळी शेतकरी मराठ्यांची घरे, आणि घराघरातला कर्ता पुरुष मुंबईत गिरणीत. तिथे गावकीच्या एका खोलीत सगळे राहायचे, आणि कामावरून आले की भजन म्हणायचे. ते भजन शिकवले ते या धोंडूबुवांनी, एकेका पोराच्या पाठीत टाळाची दोरी हाणून. त्या मंडळाला मुंबईच्या आकाशवाणीवर गायला बोलावणे आले. एकदाच, संध्याकाळी, तिथून थेट, आणि ज्याने ऐकले नाही त्याचे राहिले ते राहिले. बुवांचा खुबा मोडलेला, ते अंथरुणावर, त्यांना महाडापर्यंत आणणे शक्य नव्हते. वाडीत वीज नव्हती आणि रेडिओ तर कोणी पाहिलाही नव्हता. इब्राहिमभाई त्यांचे जुने स्नेही, ते त्यांच्या उशाशी जाऊन बसले होते, तेव्हा बुवा म्हणाले होते, मला पोरांचं कवतिक नको रे इब्राहीम, मी शिकवलं ते त्यांच्यात उतरलं का नाय, तेवढं एकदा कानानं बघायचं हाय. हे ऐकून इब्राहिमभाई म्हणाले, तुझ्या वाडीपाशी रस्ता येतो ना, मग मी रेडिओच घेऊन येतो. आणि मग माझ्याकडे आले. शब्द त्यांनी दिला, काळजी मला लागली.

पेटी बसवली, एरियलची काठी मडगार्डवर रोवली, श्रीगजाननाचे स्मरण केले, कळ फिरवली, आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. इब्राहिमभाई म्हणाले, भटजी, मुहूर्त चुकला का तुमचा? मी म्हटले, मुहूर्त चुकला नाही, कारण चुकले आहे. पेटीबरोबरच्या कागदात लिहिल्याप्रमाणे मी बॅटरीची ऋण बाजू मोटारीच्या अंगाला जोडलेली आहे असे गृहीत धरले होते, आणि जाऊन बघतो तो त्या विलायती गाडीत धन बाजू अंगाला जोडलेली, म्हणजे सगळेच उलटे. शास्त्रात सांगितले आहे ते खरेच, पण कोणत्या देशी आणि कोणत्या गाडीला सांगितले आहे ते आधी पाहावे, हा धडा त्या दिवशी मिळाला. पेटीच्या पाठीमागे एक छोटी पट्टी होती, अशा उलट्या गाड्यांसाठीच केलेली, ती काढून फिरवून बसवली, आणि पेटी बोलली. मुंबईचे बाजारभाव आले. इब्राहिमभाईंनी रस्त्यावर उभे राहून ते बाजारभाव असे ऐकले, की जणू कोणी कव्वाली गात आहे.

मग त्यांनी गाडी चालू केली मात्र, आणि बाजारभाव बुडाले. नुसती खरखर. हळू चालवा तर खरखर हळू, जोरात चालवा तर जोरात. गाडी बंद की आवाज स्वच्छ. आजूबाजूला माणसे जमली. एक जण म्हणाला, भटजी, पेटीला मोटार लागते, हिला उलटी होते. सगळे हसले, मीही हसलो, पण मनातून पार ओशाळलो होतो.

आता सांगतो, न्यायात अन्वय आणि व्यतिरेक म्हणून परीक्षा आहे. जे असताना दोष दिसतो आणि जे काढून घेतले की दोष जातो, ते त्या दोषाचे कारण. पाठशाळेत आम्ही ती धूर आणि अग्नी यांवर घोकली, आयुष्यात पहिल्यांदा ती मी मोटारीवर चालवली. गाडी चालते तेव्हा दोन वस्तू नव्याने जाग्या होतात, एक बॅटरी भरणारा डायनमो आणि दुसरी प्लगमधली ठिणगी. दोघांपैकी अपराधी कोण? डायनमोचा पट्टा काढून ठेवला आणि गाडी क्षणभर चालू केली. खरखर होतीच, म्हणजे डायनमो निर्दोष सुटला. राहिली ठिणगी. तिच्या तारांवर बसवायचे छोटे सप्रेसर मिळतात, ठिणगीचा उपद्रव दाबणारे, ते मुंबईहून एसटीने मागवले, ते यायला वेळ लागला, आणि तोपर्यंत इब्राहिमभाई रोज दुकानासमोरून जाताना गाडी हळू करून माझ्याकडे बघायचे. त्या बघण्याचे ओझे काय सांगू. सप्रेसर आले, बसवले, पट्टा चढवला, गाडी चालू केली, आणि गाडी चालू असताना बाईचा आवाज आला, हे मुंबई केंद्र आहे. इब्राहिमभाईंनी मला रस्त्यातच मिठी मारली. मी सोवळ्यात नव्हतो म्हणून नव्हे, असतो तरी मारू दिली असती.

ठरल्या दिवशी निघालो. पोलादपूरपर्यंत रेडिओ गात होता, शेतातली माणसे उभी राहून बघत होती. पोलादपुरात मी सुट्या तारा चिकटवायला डिंकाचा कागद आणायला उतरलो आणि एका यजमानांनी थांबवून घेतले. तेवढ्या वेळात वाडीतल्या बायका ज्या बाजाराला उतरल्या होत्या त्या मोटारीभोवती जमल्या, त्यांनी मोटारीला हळद-कुंकू वाहिले, ओवाळले, मी आलो तेव्हा सगळे आटोपून त्या मागच्या बाकावर एकीवर एक बसल्याही होत्या. घाटात लक्ष रस्त्यावर राहावे म्हणून रेडिओ बंद ठेवून, डोंगराचा रस्ता चढून वर गेलो. वाडीच्या खालच्या अंगाला जिथे रस्ता संपतो तिथे सारी वाडी येऊन बसलेली, आणि मध्ये डोलीत धोंडूबुवा, डोक्याला स्वच्छ पागोटे. ऊन डोंगराआड चालले होते. मी कळ फिरवली.

काही नाही. दिवा लागला, बारीक सूं असा आवाज आला, बाकी काही नाही. मुंबई नाही, कुठलेच केंद्र नाही. एक म्हातारी म्हणाली, डोंगर आडवा हाय, आवाज कसा चढंल? दुसरा म्हणाला, थकला आसंल, घाट चढून आलाय. इब्राहिमभाई खाली वाकून कानात म्हणाले, भटजी, आज नाही, आज नको. धोंडूबुवा पेटीकडे बघत राहिले, आणि ते बघणे मला सोसवेना.

मी डोळे मिटले. पोलादपूरपर्यंत होते, इथे नाही. मध्ये काय गेले? काहीच नाही. मध्ये काय आले? डोंगर आला, आणि बायका आल्या. डोंगर मला काढून बघता येत नव्हता. मी खाली उतरून मोटारीभोवती फिरलो, आणि एरियलपाशी थांबलो. दृष्ट लागू नये म्हणून त्या माउल्यांनी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा तारेत ओवून बांधले होते, तारेचा एक वेढा एरियलच्या काठीला आणि दुसरा शेजारच्या आरशाच्या लोखंडी दांडीला, अगदी घट्ट. आकाशातून आलेला शब्द काठीवर उतरत होता आणि त्या तारेवरून आरशात, आरशातून मोटारीच्या अंगात मुरून जात होता, पेटीपर्यंत पोचतच नव्हता.

मी हात लावला तशी काशीबाय नावाची बाई पुढे आली. ओ भटजी, ते काढू नका, अपशकून व्हईल, माझं मानूस आत गाणार हाय. ती श्रद्धा मोडणारा मी कोण? मी म्हटले, बाय गो, काढत नाही, जागा बदलतो, दृष्ट लागायची ती गाणाऱ्यांच्या गुरूला आधी लागेल. ती बुवांकडे बघून म्हणाली, खरं हाय, म्हाताऱ्यालाच बांधा. लोक हसले. मी ते लिंबू दोन्ही हातांनी सोडवले, कपाळाला लावले, आणि बुवांच्या डोलीच्या दांडीला बांधले. पाठीमागे पेटीतून मृदंग सुरू झालेला होता.

काय सांगू तुम्हाला! डोंगर होता तिथेच होता, आणि आवाज स्वच्छ, समोर बसून गावे तसा. बायका उठून उभ्या राहिल्या. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून एकेक सांगू लागली, मृदुंगावर आमचं हे हायत गो. दुसरी म्हणे, वरच्या सुरात आमचं. तेवढ्यात एक टाळ अर्धी मात्रा मागे पडला, आणि काशीबाय म्हणाली, ह्यो आमचा, घरातपन आसाच मागं ऱ्हातो. असा हशा झाला की बुवा ओरडले, गप ऱ्हावा गो, भजन हाय का बाजार?  पेटीत बुवांचा मुलगा पांडू गात होता, बुवांची दोन बोटे डोलीच्या काठावर ठेका धरत होती, आणि शेवटच्या चरणाला ती बोटे एकदम थांबली. 

भजन संपले. इब्राहिमभाईंनीच विचारले, काय रे बुवा, उतरलं का? धोंडूबुवा म्हणाले, शेवटची चाल माझी नव्हं. मी अशी शिकवलीच नाय. मग थांबले, पागोटे सरळ केले आणि म्हणाले, माझ्यापरीस चांगली हाय. पोरगं म्होरं गेलं, इब्राहीम! गूळ वाटा रे कोनी! आणि तो डोंगरातला म्हातारा खुबा मोडलेला असताना डोलीत असा ताठ बसला, की राज्याभिषेकाला बसावा. वाडीने गूळ वाटला, मला दिला, इब्राहिमभाईंना दिला, मोटारीच्या चाकांनाही लावला.

खाली आल्यावर मी वडिलांना सारे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत माझ्या दुकानात आले, पाटावर बसले आणि म्हणाले, लाव काहीतरी. आता ते नाहीत. बुवा आहेत, अजून तिथेच आहेत, वाडीत आता एक ट्रान्झिस्टर आला आहे आणि त्याची काही तक्रार आली की तो माझ्याकडे उतरतो, आणि मी तो हातातले काम ठेवून आधी बघतो. इब्राहिमभाईंची मोटार गात गात पोलादपूरला जाते येते. मीही आता उतरणीला लागलो, कानांना थोडे कमी ऐकू येते, बोटे अजून थरथरत नाहीत, ही त्याची कृपा. संध्येला बसलो की सर्वांसाठी मागणे मागतो, तुमच्यासाठीही मागेन: दूर गेलेल्यांचा शब्द वाट बघणाऱ्यांच्या दारी पोचो, आणि पोचेल तेव्हा तो गेल्या वेळेपेक्षा चांगला असो.