थांब म्हणायला जागा

मंडळी, ऐका! आज सुरुवातीला पांडित्य नको. एकच प्रश्न विचारतो. तबलजी, जरा हात थांबवा — उत्तर मिळाल्याशिवाय ठेका नाही!

ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला "बास" म्हणावं, की म्हणू नये?

लगेच माना डोलवू नका! या आजी बघा — "म्हणावं, म्हणावं" अशी मान हलवली, आणि त्याच वेळी मांडीवरच्या नातवाच्या हातात तिसरा पेढा दिला! आजी, मान वेगळी आणि हात वेगळा, असं कसं चालेल?

शंकराने भस्मासुराला वर दिला. काही हातचं राखलं का? नाही. पुढे कुणाला पळावं लागलं? मुलांनो, सांगा!

"शंकराला!"

शाबास! पुढच्या रांगेतली ती दोन वेण्यांची — नाव काय गं तुझं? ईशा? ईशा पास झाली, आजी नापास!

पण आजचं आख्यान पुराणातलं नाही. ते आहे कॉम्प्युटरचं! हसू नका. देव खांबात असतो हे चालतं, मग कॉम्प्युटरमध्ये का नसेल?

साल एकोणनव्वद. सह्याद्रीच्या कुशीत एक तालुक्याचं गाव, गावाबाहेर माळावर तंत्रनिकेतन. तिथे शिकवायला नरहर वाळिंबे नावाचे सर. उंच, किडकिडीत. भर मे महिन्यात अंगात स्वेटर! का? अहो, कॉम्प्युटरची खोली गार ठेवावी लागायची! अख्ख्या तालुक्यात थंड हवेचं यंत्र दोनच ठिकाणी — एक सिनेमाच्या थिएटरात, ते बंद पडलेलं, आणि एक वाळिंबे सरांच्या खोलीत. खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, पाय पायपुसण्यावर तीनदा घासायचे. शिपाईसुद्धा आत येताना नकळत हात जोडायचा!

काय दिवस होते हो ते! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद. त्या कडा फाडून मुलं गणपतीला झालरी करायची. प्रिंटर सुरू झाला, की करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज! आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या हजारपट ताकद आहे, आणि तुम्ही त्यावर काय बघता? मांजराने काकडी बघून उडी मारली! असो.

आता समजून घ्या. कॉम्प्युटर एकच. पडदे सोळा. एका पडद्यासमोर सर, पंधरांसमोर मुलं. सगळ्यांचं काम त्या एकाच यंत्रात चालायचं. कसं? पंगतीसारखं! त्या यंत्रात दोनशे पाट मांडलेले, असं समजा. तुम्ही आत शिरलात, एक पाट अडला. एक काम सुरू केलंत, आणखी एक अडला. काम संपलं, पाट मोकळा. कळलं ना, ईशा?

नवं मूल आलं की सर त्याचं नाव यंत्रात घालायचे. तेव्हा यंत्र विचारायचं, "याला जास्तीत जास्त किती पाट?" सर काय लिहायचे? काहीच नाही! जागा कोरी. कोरी म्हणजे, पाहिजे तितके घे!

दुसरे मास्तर म्हणायचे, "वाळिंबे, आकडा घाला हो! पोरं आहेत."

सर म्हणायचे, "पोरं आहेत म्हणूनच नाही घालत. माझ्या घरात मी कुणाचं पान मोजत नाही."

किती गोड वाटलं ना ऐकायला? सरांनाही वाटायचं!

त्या वर्गात शालन माळवदे नावाची मुलगी होती. अशी हुशार, की सर फळ्यावर चुकले तर ती नुसती खोकायची! आणि दस्तगीर मुलाणी — नऊ मैलांवरच्या वाडीतून पहिल्या एसटीने यायचा, साडेपाचच्या शेवटच्या गाडीने परत. दोन बोटांनी टाइप करायचा. कुणी हसलं की म्हणायचा, "आठ बोटं म्हशीच्या धारेसाठी राखून ठेवलीत!" अंगी हुशारी मध्यम, चिकाटी मात्र मुंगळ्याची.

शेवटचं वर्ष. उद्या सकाळी अकराला बाहेरचे परीक्षक येणार. प्रत्येकाने केलेला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. शालनने एसटी डेपोसाठी केलेला — कोणती गाडी कुठून कुठे, किती वाजता. दस्तगीरने गुरांच्या दवाखान्यासाठी — कोणत्या म्हशीला लस कधी टोचायची!

दुपारचे दोन. खोलीत टकटक, टकटक. सर पाठीमागे हात बांधून फिरतायत. मनात म्हणतायत, माझी पोरं! आणि अचानक टकटक थांबली. सोळाही पडदे गप्प! एक अक्षर उमटेना.

काय झालं होतं? शालनच्या प्रोग्रॅमात प्रत्येक गाडीमागे एक पोर-काम जन्माला यायचं. त्याने आपली गाडी बघायची, एक चिठ्ठी लिहायची आणि निघून जायचं. पण "निघून जा" ही एक ओळ लिहायची राहिली! मग पोराने काय करावं? त्यानेही आईसारखीच पोरं जन्माला घातली. त्या पोरांनी पुन्हा पोरं! रक्तबीज आठवला का? थेंब पडला, की नवा राक्षस. इथे डोळ्याचं पातं लवेपर्यंत दोनशे पाट भरले! आणि प्रत्येकाने चिठ्ठी लिहून लिहून यंत्राची काम साठवायची कोठीही भरून टाकली. नवं काही साठवायला जागा नाही!

सर धावत आपल्या पडद्याशी गेले. सर म्हणजे घराचे मालक! त्यांनी हुकूम सोडला — सगळं थांबव! यंत्राने काय उत्तर द्यावं? "जागा नाही."

अहो मंडळी, विचार करा! "थांब" म्हणणं हेसुद्धा एक काम. त्यालाही एक पाट लागतो. आणि तोच शिल्लक नाही! मालक दारात उभा, आणि घरात "गप्प बसा" म्हणायला तोंड घालायची जागा नाही! असं कुणाच्या घरी होतं का? ...का हसलात? मी काहीच बोललो नाही!

शालनचा चेहरा पांढरा पडला. उभी राहून म्हणाली, "सर, माझंच. माझ्या गाड्या आहेत त्या."

दस्तगीर म्हणाला, "माळवदे, गाड्या फार सोडल्या की! आमच्या वाडीला सकाळ-संध्याकाळ एकच येते, ह्यातल्या दोन तिकडं वळवा!"

कुणी हसलं नाही. सरांनाही हसू येईना. एक उपाय होता, वीज तोडायची. पण तशी तोडली तर कोठीतलं सगळंच विस्कटण्याची भीती. पंधरा जणांचं वर्षाचं काम! दुसरा उपाय एकच. मुलांनी आपापले पाट सोडायचे, आणि जागा रिकामी होईल त्याच क्षणी सरांनी हुकूम घुसवायचा.

"आपापलं काम सोडून बाहेर पडायचं," सर म्हणाले. "ज्यांचं साठवून झालं आहे त्यांचं काही जाणार नाही."

दस्तगीरने हात वर केला. "सर, सकाळपासूनचं माझं साठवलेलं नाही. आता साठवायला गेलो तर कोठी भरलीय म्हणतंय. बाहेर पडलो तर पुसलं जाईल."

"किती आहे?"

"लसीचं सगळं कोष्टक. चार तासांचं. दोन बोटांचं, सर."

सर म्हणाले, "तू बस. चौदा जागा पुष्कळ झाल्या."

मग सरांनी मोजलं — एक... दोन... साडे माडे तीन! चौदा जणांनी बटणं दाबली. आणि सरांनी? सर मान वर करून बघत राहिले — सगळ्यांचं झालं ना? कुणी मागे राहिलं नाही ना? अहो, सतरा वर्षांची सवय! वर्गातलं शेवटचं मूल वहीतून मान वर काढेपर्यंत हा माणूस फळा पुसत नसे! त्याच सवयीने थांबले, आणि मग बटण दाबलं. तोवर चौदा पाट राक्षसांनी गिळले होते!

"जागा नाही."

फक्त त्या गार हवेच्या यंत्राची घरघर. आता माणसाचा पाट उरला एकच. दस्तगीरचा.

सर त्याच्याकडे बघेनात! कसे बघतील? लाडक्या मुलीचं चुकलं, आपण आकडा घातला नाही, आणि किंमत मागायची कुणाकडे? जो कधी काही मागत नाही त्याच्याकडे! त्यांचा हात वीज तोडायच्या खटक्याकडे गेला, आणि तिथेच लोंबकळत राहिला.

दस्तगीर उठला. म्हणाला, "सर, या खेपेला कुणाकडं बघू नका. माझ्याकडं तर नकोच. मी 'तीन' म्हणालो की दाबा."

"अरे, पण तुझं..."

"एक. दोन. तीन!"

दोन बटणं एकदम वाजली. हिरव्या अक्षरांत ओळ उमटली — थांबवलं. आणि पंधरा पडदे जिवंत झाले!

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शालन मात्र दस्तगीरच्या पडद्याकडे बघत होती. तिथे काल संध्याकाळपर्यंतचं काम होतं. आजचं कोरं.

सर आपल्या खुर्चीत बसले. समोर तोच जुना प्रश्न — याला जास्तीत जास्त किती पाट? आणि सरांना गोदाकाकू आठवल्या.

लहानपणी सर वार लावून जेवले होते. हल्लीच्या मुलांना वार ठाऊक नाही. गरीब मुलगा शिकायला गावात यायचा, त्याला सात घरं सात दिवस जेवू घालायची. बुधवार गोदाकाकूंचा. काकू अडीच भाकरी वाढायच्या. अडीच म्हणजे अडीच! अर्धी जास्त मागितली तर म्हणायच्या, "बास झालं, ऊठ." पोराच्या मनाला ते लागलं. तेव्हाच त्याने ठरवलं, मोठा झालो की कुणाला मोजून वाढणार नाही.

आणि आज, डोळ्यांसमोर दस्तगीरचा कोरा पडदा — तेव्हा सरांना पहिल्यांदा आठवलं, की बुधवारी त्या घरी तीन मुलं जेवायची. सर आधी यायचे, कारण त्यांची शाळा जवळ. तिसरा लांबून, उशिरा यायचा. तो एकदाही उपाशी गेला नव्हता.

पस्तीस वर्षं राग धरला, मंडळी! अडीच भाकरी लक्षात राहिल्या, तिसरा मुलगा लक्षात राहिला नाही!

सरांनी पहिला आकडा स्वतःच्या नावापुढे घातला. दहा. मग सगळ्यांपुढे दहा, दहा, दहा. उरलेले चाळीस पाट यंत्राच्या कामासाठी राखून ठेवले. शालनच्या नावाशी आले तेव्हा ती मागेच उभी होती.

"सर, ही शिक्षा का?"

"नाही गं. तुला शेजारी आहेत, एवढंच या यंत्राला सांगतोय."

तिने आपला प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तीच चूक! पण या वेळी? दहाव्या पाटावर यंत्राने तिला अडवलं. तिचं एकटीचं थांबलं, बाकीच्यांची टकटक चालूच. कुठे अडलं ते दिसल्यावर चूक पाच मिनिटांत सापडली! बघा हं, कुंपण घातलं तर तिचंच रान वाचलं.

मग ती दस्तगीरशेजारी जाऊन बसली. "मुलाणी, तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"दहा बोटांनी?"

"दहा बोटांनी."

"मग म्हशी घाबरतील की!"

साडेपाचपर्यंत ती दोघं बसली. मग शेवटची गाडी आली आणि दस्तगीर गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आला, पुन्हा बसला. अकरा वाजले तेव्हा कोष्टकाचा शेवटचा भाग राहिलाच होता. परीक्षकांना त्याने तोंडी समजावून सांगितलं. ते खूश झाले, पण जे चाललं नाही त्याला गुण कसे देणार? निकाल लागला. शालन पहिल्या वर्गात. दस्तगीरचा पहिला वर्ग चार गुणांनी हुकला.

तो सरांना पेढे द्यायला आला. पास झालो म्हणून! सरांनी पेढा हातात घेतला, आणि त्यांना तो खाववेना. म्हणाले, "दस्तगीर, तुझे चार गुण मी घालवले रे."

तो म्हणाला, "नाही सर. तुम्ही तर मला बसच म्हणाला होता."

म्हातारपणी सर हे सांगायचे, तेव्हा इथवर आले की चष्मा काढून पुसत बसायचे. म्हणायचे, "तो रागावला असता तर बरं झालं असतं."

मंडळी, आपल्याला काय वाटतं? मर्यादा घातली नाही, तर कुणाचंच काही जात नाही! छे हो! जाणारं जातंच. फक्त ते लाडक्याचं जात नाही. जो गप्प बसतो त्याचं जातं. एकाला हवं तितकं द्यायचं, आणि जागा कमी पडली की जो न बोलता उठतो त्याच्या उठण्याला आपण त्याचा चांगुलपणा म्हणतो! तो चांगुलपणा असतोच. पण आपली चूक त्याच्या चांगुलपणात लपवायची नसते.

आता इथून घरी जाल. जेवायला बसाल. तेव्हा इकडेतिकडे बघा. तुमच्या घरात दस्तगीर कोण आहे? थोरली मुलगी? धाकटी जाऊ? सगळ्यांना वाढून शेवटी बसणारी आई? जिच्या शिकण्यावर, झोपेवर, बोलण्यावर तुम्ही मुद्दाम कधी गदा आणली नाहीत, फक्त दुसऱ्याला "बास" म्हटलं नाहीत — ती कोण? लाडक्याला बास म्हणणं उद्यापासून करा. आज आधी तिच्याशेजारी बसा आणि विचारा, "आमच्यापायी तुझं काय काय पुसलं गेलं?"

आणि ती "काही नाही" म्हणाली, तर उठू नका. बसून राहा.

बोला, सगळ्यांना पुरून उरणाऱ्या त्या पांडुरंगाचा जयजयकार असो!